पोकर सुधारतो तो डाव संपल्यावर

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की पत्त्यांच्या अड्ड्यांवरील छाप्यांच्या बातम्या सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. त्यांच्या मागोमाग दोन ठरलेली मते ऐकू येतात. एक, ‘पत्ते म्हणजे नुसता नशिबाचा खेळ आहे की ओ’. दुसरे, ‘रोज बसलं की हात बसतो’. मन्ना किंवा अंदर-बाहरबद्दल पहिले मत अगदी खरे आहे. पान या बाजूला पडणार की त्या, यात खेळणाऱ्याने ठरवायचे काही नसतेच, मग अभ्यास कशाचा करणार? पोकरबद्दल मात्र दोन्ही मते चुकीची आहेत, आणि त्यातही दुसरे जास्त घातक. रोज बसून पोकर सुधारत नाही, चुका तेवढ्या पक्क्या होतात. खेळ सुधारतो तो डाव संपल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसल्याने.

आधी कायद्याचे. २०२५ साली संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे; खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेलाच नाही. ऑनलाइनबाहेर महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, पण पोकरवर न्यायालयांचे एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला नशिबाच्या बाजूला टाकले. तेव्हा ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ एवढे सांगून कोणी पैशांच्या डावाला बसवत असेल तर उठून यावे. गणितही तेच सांगते. तासाला ३० डाव, पॉट (डावात मध्ये जमलेली रक्कम) सरासरी १०० रुपये आणि अड्डेवाल्याची नाल ५ टक्के धरली, तर चार तासांत ६०० रुपये त्याच्या खिशात जातात. सहा जणांनी मिळून १,२०० आणले असतील तर निम्मे गेले, आणि त्यात कोण हुशार, कोण अडाणी याने फरक पडत नाही. पुढे जे लिहिले आहे ते सगळे चिंचोक्यांवर होते.

इथे जो प्रकार धरला आहे तो टेक्सास होल्डेम: प्रत्येकाला दोन पाने झाकून, मध्ये सगळ्यांची मिळून पाच पाने, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग एक (रिव्हर). चालीच्या फेऱ्या चार. सातांतली सर्वांत चांगली पाच पाने धरायची. आपल्याकडचे बहुतेक जण तीन पत्तीवरून इथे येतात आणि तिथल्या सवयी घेऊन येतात, म्हणून पहिला अभ्यास त्या सोडण्याचा. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारी पाने) कलरपेक्षा (सगळी पाने एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक) मोठा, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा. कारण मोजून बघता येते. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात, त्यांत कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. जे दुर्मीळ ते मोठे. (तीन पत्तीत हा नियम सगळीकडे पाळलेला नाही, हेही गमतीचे: ट्रेल (तिन्ही पाने सारखी) ५२ आणि प्युअर सिक्वेन्स (ओळीने आणि एकाच रंगाची) ४८, तरी ट्रेल मोठी!) एक्का-दुर्री-तिर्रीला तीन पत्तीत बऱ्याच ठिकाणी मोठा मान असतो, पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सर्वांत लहान सिक्वेन्स. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री असा वळसा चालत नाही. आणि इस्पिक बदामापेक्षा मोठे, असलेही काही नाही. बरोबरी झाली तर पॉट वाटून घ्यायचा.

आता मुख्य गोष्ट. नुसते बसून शिकणे इतके संथ का असते, ते आकड्यांनीच कळते. ५२ पानांतून दोन पानांचे १,३२६ जोड होतात. एक्क्यांची जोडी त्यांतल्या ६ प्रकारांनी बनते, म्हणजे २२१ डावांत सरासरी एकदा. कुठलीही जोडी हातात येणे १७ डावांत एकदा, आणि त्या जोडीला फ्लॉपवर तिसरे पान लागणे साडेआठांत एकदा; दोन्ही मिळून सुमारे १४४ डावांत एकदा. हाताने वाटून तासाला २५ ते ३० डाव होतात. तीन तासांत फार तर ९०. म्हणजे ज्या प्रसंगात सगळे चिंचोके पणाला लागतात तो प्रसंग एका बैठकीत धड एकदाही येत नाही. आला तर त्याचा निकाल नशिबाने लागतो आणि खेळणारा त्यातून नेमका उलटा धडा घेतो. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे शंभरात ८२ वेळा जिंकते. १८ वेळा हरते. हरला तो ‘आता एक्क्यांवर भरवसा नाही’ म्हणत पुढच्या वेळी घाबरत खेळतो.

म्हणून प्रसंग टेबलावर येण्याची वाट बघू नये, तो समोर मांडावा. घरातली सोलापुरी चादर चौपदरी घालावी. गुळगुळीत फरशीवर पाने उचलताना घसरतात आणि दिसतात. आपल्या हातात बदामाची दोन पाने, फ्लॉपवर बदामाची दोन आणि एक दुसरे. कलरला एक पान कमी. उरलेली ४७ पाने पालथी पसरायची, डोळे न लावता दोन उचलायची, बदाम आला का ते लिहायचे, पाने परत टाकून दोन्ही हातांनी घोळवायची. असे शंभर वेळा. पाऊण तासाचे काम आहे. बरोबर उत्तर ३५ टक्के; पण शंभरांत २५ पासून ४५ पर्यंत काहीही आले तरी ते साधारणच. हा विस्तार एकदा स्वतःच्या हाताने पाहिला की ‘आज माझा दिवस नाही’ हे बोलणे कमी होते. यात एक चूक हमखास होते. वेळ वाचवायला लोक ४७ पाने एकदाच पिसून दोन-दोनच्या २३ जोड्या सलग काढतात. त्यांत बदाम नऊच असल्याने उत्तर जवळजवळ दर वेळी ७ ते ९ येते, चढउतार दिसतच नाही आणि सरावाचा हेतूच जातो. पिसण्याचेही तसेच. दोन गठ्ठे एकमेकांत फरफर सोडून पिसायचे तर सात वेळा पिसावे लागते. आपण करतो ती हातातल्या हातात वरची पाने खाली सोडायची पिसणी याहून कितीतरी जास्त वेळा करावी लागते, तेवढी कोणी करत नाही, आणि आधीच्या डावात जुळलेली पाने एकत्रच राहतात. पालथी पसरून मिनिटभर घोळवणे सर्वांत सोपे.

पुढे तोंडी हिशेब. हव्या त्या पानांची संख्या मोजायची. एक पान यायचे असेल तर दुप्पट, फ्लॉपवरून दोन्ही यायची असतील तर चौपट, तेवढे टक्के. कलरची ९ पाने: चौपट ३६, खरे ३५. दोन्ही टोकांनी उघड्या सिक्वेन्सची ८: चौपट ३२, खरे ३१.५. मधले एकच पान हवे असेल तर ४: सोळा, खरे साडेसोळा. आठांपेक्षा जास्त पाने असली की चौपट फुगते. आठावर जितकी, तितके वजा करावे. १५ पानांना ६० वजा ७, ५३, खरे ५४. नवशिका हमखास अडखळतो तो चौपटीवर. चौपट तेव्हाच, जेव्हा रिव्हरपर्यंत आणखी काही भरावे लागणार नसेल, म्हणजे कोणीतरी ऑल-इन झालेले (जवळचे सगळे लावून बसलेले) असेल. समोरचा टर्नवर पुन्हा चाल लावू शकत असेल तर दुप्पटच धरायची.

ही टक्केवारी कशाशी ताडायची? पॉटमध्ये १२० चिंचोके, समोरच्याने ६० लावले. आपल्याला ६० भरायचे, म्हणजे भरल्यावर पॉट २४० चा. ६० भागिले २४०, पंचवीस टक्के. एक पान बाकी, कलरला ९ पाने: ४६ पैकी ९, साडेएकोणीस टक्के. पॅक, म्हणजे पाने टाकून डाव सोडायचा. हे ‘जवळपास आहे, बघू’ म्हणून भरणारे टेबलावरचे सर्वांत मोठे देणगीदार. अर्थात कलर लागल्यावर समोरचा आणखी देणार असेल तर भरणे बसू शकते. किती दिले पाहिजेत तेही निघते. ४६ पैकी ३७ वेळा ६० जाणार, म्हणजे २,२२०. ते ९ वेळांत वसूल व्हायचे तर दर वेळी २४७. समोर आहेत १८०. म्हणजे कलर लागल्यावर सरासरी ६७ तरी आणखी निघायला हवेत. टेबलावर तीन बदाम उघडे दिसत असताना समोरचा ६७ देईल का, हा खरा प्रश्न, आणि तो माणूस पाहून सोडवायचा. शिवाय नऊच्या नऊ पाने कामाची असतातच असे नाही. एखादा बदाम टेबलावरच्या पानाची जोडी जुळवतो आणि समोरच्याचे फुल हाउस (एका अंकाची तीन आणि दुसऱ्याची दोन पाने, कलरपेक्षा मोठे) होते. ते पान अर्धेच मोजावे.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण कधीच गाठत नाहीत: समोरच्याचे पान ओळखायचा नाद सोडून त्याच्याकडे असू शकणारे सगळे जोड मोजणे. न दिसलेली जोडी ६ प्रकारांनी, वेगवेगळी दोन पाने १६ प्रकारांनी (एकाच रंगाची ४, वेगळ्या १२). त्यातले एक पान दिसले की जोडीचे ६ चे ३ होतात, १६ चे १२. उदाहरण घेऊ. टेबलावर इस्पिक राजा, बदाम नव्वी, किलवर चौकी, चौकट सत्ती, इस्पिक दुर्री. आपल्याकडे चौकट राजा आणि चौकट राणी. पॉट १२०, समोरून ६०, म्हणजे पुन्हा २५ टक्के हवेत. त्याच्या खेळावरून वाटते की आपल्याला हरवणारे हात असे: नव्वीची जोडी ३, चौकीची जोडी ३, एक्का-राजा (एक्के ४, उरलेले राजे २) म्हणजे ८. एकूण १४. फसलेले हात (सिक्वेन्स जुळता जुळता राहिलेले), एकाच रंगाचे: गुलाम-दश्शी ४, दश्शी-अठ्ठी ४, अठ्ठी-छक्की ४. एकूण १२. हे सगळे बारा तो ब्लफने (पाने कमजोर असूनही मोठी चाल लावून) पुढे रेटत असेल तर २६ पैकी १२ वेळा आपण पुढे, ४६ टक्के, भरावे. त्यातले चारच रेटत असेल तर १८ पैकी ४, बावीस टक्के, पॅक. सहा रेटत असेल तर ३० टक्के, पुन्हा भरावे. चार आणि सहा यांच्यामधल्या या बारीक फरकावर निर्णय फिरतो. ‘त्याचा चेहरा पाहिला आणि कळलं’ म्हणणाऱ्यांना हा फरक चेहऱ्यावर कसा दिसतो कोण जाणे.

सुरुवातीच्या पानांबद्दल थोडक्यात. नऊ जणांत सर्वांत आधी बोलायची पाळी असेल तर सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एकाच रंगाची एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, राजा-राणी, राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी, एवढीच खेळावीत. हे १,३२६ पैकी १०४ जोड, आठ टक्क्यांच्या आत. बाकी सगळे पॅक. कंटाळवाणे वाटते, पण नवशिक्याला यापेक्षा मोठी सुधारणा दुसऱ्या कशाने मिळत नाही. वाटणाऱ्याच्या जागेवर चाळीस टक्क्यांपर्यंत जाता येते, कारण पुढच्या तिन्ही फेऱ्यांत सगळ्यांचे बोलून झाल्यावर आपण बोलतो.

ब्लफ. पॉटच्या निम्मी चाल लावली तर समोरचा तीनांत एकदा पॅक झाला तरी मुद्दल सुटते. पॉटएवढी लावली तर दोनांत एकदा व्हायला हवा. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मांडणीत पोकरचे छोटे रूप सोडवून दाखवले, त्यात ब्लफ सर्वांत वाईट पानांनी करायचा, मधल्या पानांनी नाही, असे निघते. मधली पाने उघडून दाखवली तर कधी कधी जिंकतात, ती ब्लफमध्ये का जाळायची? आपल्याकडे नेमके उलटे चालते: बरी जोडी असली की ‘जरा दाब देतो’.

पण चिंचोक्यांच्या डावाची खरी अडचण इथेच आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. गमावायचे काही नसले की कोणी पॅकच होत नाही, आणि पॅक न होणाऱ्यापुढे ब्लफ शिकता येत नाही. उपाय म्हणजे चिंचोके दुर्मीळ करणे. सहा जण, प्रत्येकाला एक किमतीचे ४० चिंचोके, पाच किमतीचे १२ राजमे आणि दहा किमतीची १० बटणे, एकूण २००. ब्लाइंड (पाने पाहण्याआधी दोघांनी सक्तीने लावायचे चिंचोके) १-२ पासून, दर वीस मिनिटांनी वाढवत २-४, ३-६, ५-१०, १०-२०, २०-४०. संपले त्याला पुन्हा भरून द्यायचे नाहीत. बाहेर पडलेल्याने पुढचे डाव वाटायचे आणि वही लिहायची. टेबलावर सगळे मिळून १,२०० असल्याने दोन तासांच्या आसपास डाव निकाली निघतो. क्रमांक महिनाभर फळ्यावर लिहून ठेवले की लोक पॅक व्हायला लागतात. शेंगदाणे मात्र चालत नाहीत; दुसऱ्या ब्लाइंडपर्यंत टेबलावर टरफलेसुद्धा उरत नाहीत.

वहीत काय असावे: कोण कुठल्या जागेवर, कोणाकडे किती, प्रत्येक फेरीला पॉट किती, चाल किती, आणि अडलेल्या जागी काय वाटले. हे शेवटचे पाने उघडण्याआधी लिहायचे. निकाल कळल्यावर लिहिलेले कारण निकालाला साजेसे होते, त्याचा उपयोग नाही. एका बैठकीतले दोन-तीन अडलेले डाव पुरे. दुसऱ्या दिवशी जोड मोजून आपला निर्णय तपासावा, जिंकलेले डावसुद्धा. संगणकावर टक्केवारी काढणारी मोफत साधने आहेत, पण आधी हाताने उत्तर लिहून मग पडताळावे; थेट उत्तर पाहिले तर डोक्यात काही राहत नाही. जागेवर काय खेळावे हे सांगणारे सॉल्व्हर नवशिक्याने सहा महिने उघडू नयेत असे आमचे मत आहे. ते समोरचाही अचूक खेळतो असे धरून चालतात, आणि आपल्या टेबलावर तसा कोणी नसतो.

प्रगती झाली की नाही हे चिंचोक्यांवरून लवकर कळत नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणकाने २०१७ मध्ये पिट्सबर्गला चार व्यावसायिक खेळाडूंना हरवले, तो सामना २० दिवसांत १,२०,००० डावांचा होता. नशिबाचा वाटा गाळायला एवढे डाव ठेवले होते. दिवसाला ९० डाव धरले तर आपल्याला तेवढे खेळायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतील. त्यापेक्षा वहीतल्या चुका मोजाव्यात: या महिन्यात टक्केवारी कमी असताना किती वेळा भरले, पुढच्या महिन्यात किती वेळा.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. छाप्याच्या बातमीत कुठला खेळ चालू होता ते नेमके छापावे. मन्ना, तिरट आणि पोकर एकाच ‘पत्त्यांचा जुगार’ या शब्दांत बसवू नयेत. पैसे लावले होते हा गुन्हा राहतोच, पण कुठल्या खेळात डोके चालते हे वाचकाला कळेल. आणि रविवारच्या पुरवणीत शब्दकोड्याशेजारी असा एक प्रश्न द्यावा, उत्तर पुढच्या रविवारी. नमुना सोबत देत आहोत.

हातात किलवर राजा आणि बदाम राणी. टेबलावर चौकट दश्शी, इस्पिक नव्वी, किलवर तिर्री, बदाम दुर्री. रिव्हर बाकी. पॉट ९०, समोरून ३०. भरावे की पॅक? भरायला ३० भागिले १५०, वीस टक्के हवेत. गुलाम ४, राजे ३, राण्या ३, अशी दहाही पाने कामाची असतील तर ४६ पैकी १०, पावणेबावीस टक्के, भरावे. समोर एक्का-राणी असू शकेल म्हणून राण्या गाळल्या तर ७, पंधरा टक्के, पॅक. त्याच्याकडे दोन जोड्या आहेत असे दिसत असेल तर चार गुलामच उरतात, नऊ टक्केही नाहीत. वाचकांकडून उत्तर मागवताना ‘भरा’ किंवा ‘पॅक’ एवढ्यावर गुण देऊ नयेत. कुठली पाने गाळली आणि का, ही एक ओळ लिहिलेली असेल तरच द्यावेत.

आपले,
पत्त्यांच्या गणिताचे काही अभ्यासक,
सोलापूर